अध्यक्ष नसलेल्या संस्थेची वाटचाल

संस्थेची वाटचाल लिहायची म्हटली की पहिल्या परिच्छेदात संस्थापकांचं नाव, स्थापनेची तारीख आणि रोपट्याचा वटवृक्ष या तीन गोष्टी याव्याच लागतात. आमच्याकडे तिन्हींची पंचाईत आहे. संस्थापक म्हणून दोघांची नावं घेतली जातात आणि दोघंही तो मान एकमेकांवर ढकलतात, कारण रविवारी पहाटे साडेचारला गजर वाजला की घरोघरी त्या माणसाचा उद्धार होतो. तारीख कुणी लिहून ठेवली नाही. झाडाचं विचाराल, तर जळगावच्या मेहरूण तलावाकाठी एक बाभूळ आहे. सुरुवातीला आम्ही तिच्याखाली सायकली टेकवायचो. तिने इतक्या ट्यूबा फोडल्या की महिन्याभरात जागा बदलावी लागली.

तरी संस्था आहे, आणि ती चालते. जळगावची एक टोळी आणि धुळ्याची एक टोळी मिळून ती झाली आहे. त्यात दालमिलवाले शेठ आहेत, निवृत्त गुरुजी आहेत, एस.टी.तून निवृत्त झालेले ड्रायव्हर मामा आहेत, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम आहेत. डॉक्टर दोन आहेत, जळगावचे माणसांचे आणि धुळ्याचे जनावरांचे. गंमत म्हणजे गुडघा दुखला की सगळे धुळ्याच्या डॉक्टरांना फोन करतात. त्यांचं म्हणणं असं, की माझे पेशंट कुठे दुखतंय ते सांगत नाहीत, तरी मला कळतं. तुम्ही तर सांगता. याखेरीज एक वकील, दोन बँकवाले, एक मेडिकल दुकानदार आणि सुट्टीत घरी आलेली कुणाकुणाची मुलं. नोंदणी नाही, घटना नाही, वर्गणी नाही, अध्यक्ष नाही.

अध्यक्ष नाही हे मुद्दाम सांगतो. आमच्या भागात संस्था मोडतात त्या पैशावरून कमी आणि खुर्चीवरून जास्त. आमच्यात खुर्चीच नाही, सीट आहे, आणि तीही पन्नास किलोमीटरनंतर बोचायला लागते. तिच्यावर कायम बसून राहावं असं कुणालाच वाटत नाही. मग एवढ्या निरनिराळ्या माणसांना धरून ठेवतं काय? माझ्या मते चेष्टा. कुणाचंही मोठेपण इथे दोन रविवारांपेक्षा जास्त टिकू दिलं जात नाही. नवा माणूस आला की सुरुवातीला त्याला ‘साहेब’ म्हणतात, मग एके दिवशी त्याला टोपणनाव पडतं आणि तो संस्थेचा होतो. ज्याला नाव पडत नाही तो आपोआप यायचा बंद होतो.

एक मोठे सरकारी अधिकारी बदली होऊन आले होते. पहिल्या दिवशी त्यांची सायकल जीपमधून आली, ती ड्रायव्हरने उतरवली, ड्रायव्हरनेच हवा पाहिली. सगळे गप्प. मामा तेवढे म्हणाले, “साहेब, चालवायलाही त्यालाच सांगा, मी रजा मंजूर करतो.” साहेब हसले. पुढच्या रविवारी घरापासून सायकल चालवत आले. ते कायम सगळ्यांत मागे असायचे, त्यामुळे वळून पाहिलं की त्यांच्या सायकलचा लुकलुकता लाल दिवा तेवढा दिसायचा. २०१७ च्या मे महिन्यात सरकारी गाड्यांवरचे लाल दिवे गेले, त्यांचा मात्र राहिला. नाव पडलं ‘लाल दिवा’. बदली होऊन गेले तेव्हा निरोपाला त्यांनी हार नको म्हटलं, दोन ट्यूबा घेतल्या.

नाव द्यायचा प्रयत्न झालाच नाही असं नाही. एरंडोलजवळ पद्मालयाला, देवळाजवळच्या कमळांच्या तळ्याकाठी एकदा रीतसर सभा भरली. कुणी ‘गिरणा’ सुचवलं. धुळेकर म्हणाले, गिरणा आमच्या शहराला शिवत नाही, ‘पांझरा’ ठेवा. जळगावकरांनी विचारलं, तिला पाणी असतं का? मग तोड म्हणून ‘तापी’ निघाली. दोन्ही जिल्ह्यांतून वाहते, कुणाची हरकत नसावी. जवळजवळ ठरलंच होतं. तेवढ्यात शेठ म्हणाले, “हे बरंय. तापी आमच्याकडून तुमच्याकडे येते. आमचं उष्टं पाणी पिऊन तुम्ही आमचंच नाव लावणार.” सभा तिथेच बरखास्त झाली. पद्मालयाच्या गाभाऱ्यात दोन गणपती आहेत, एक उजव्या सोंडेचा आणि एक डाव्या. गुरुजी त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाले, “सोंडा दोन दिशांना असून हे इतकी वर्षं एका गाभाऱ्यात राहताहेत. तुम्हीही राहाल. नावाचं सोडा.” सोडलं.

खान्देशाला सायकल नवी नाही. अमळनेरची प्रताप मिल, जळगावची खान्देश मिल, धुळ्याची गिरणी यांचे भोंगे होते तोवर पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून जायचा. मास्तर सायकलवर, पोस्टमन सायकलवर, दूधवाला दोन्ही बाजूंना कॅन लटकवून सायकलवर. तासाच्या भाड्याने सायकल घेऊन, दांडीखालून पाय घालून ती शिकणं हे आमच्या पिढीचं पहिलं धाडस. गुडघे फुटायचे, आणि वेळ भरून गेली तर दुकानदार घरी यायचा. गुरुजींच्या तोंडी त्याच्याही आधीची कहाणी असते. १५ ऑक्टोबर १९२३ ला मुंबईतून काही पारशी तरुण सायकलवरून जगाच्या प्रवासाला निघाले. त्यांतले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तिघं १९२८ साली जग फिरून परत आले. रस्ता नाही, नकाशा धड नाही, गिअर तर नाहीच. कुणी चढावर कुरकुरलं की गुरुजी या तिघांना पुढे करतात. वकील एकदा वैतागून म्हणाला, “गुरुजी, त्या तिघांना घरी संध्याकाळी पाहुणे येणार नव्हते.”

मग लुना आली, स्कूटर आली, मोटारसायकल आली आणि सायकल शाळकरी मुलींकडे व गरिबाकडे उरली. त्यामुळे बऱ्या घरातली चार माणसं पुन्हा सायकलवर दिसू लागली, तेव्हा लोकांनी आपल्या परीने अर्थ लावले. डॉक्टरांचा दवाखाना चालत नाही, ही बातमी धरणगावपर्यंत पोचली होती. धुळ्याच्या डॉक्टरांना तर एका पशुपालकाने बाजूला घेऊन सांगितलं, की अडचण असेल तर माझी जुनी गाडी वापरा, पैसे सावकाश द्या. धुळ्याकडच्या खेड्यांत आजही कुणी हात करून थांबवतं आणि अहिराणीत काळजीने विचारतं, “पेट्रोल महाग व्हयनं का भो?” दुसरा प्रश्न ठरलेला, “काई भेटस का?” काही मिळत नाही म्हटलं की विचारणारा आमच्याकडे ज्या नजरेने पाहतो, ती नजर सोसता आली की माणूस सायकलवाला झाला असं समजायचं.

गादीच्या चड्डीचा काळ हा आमच्या इतिहासातला पहिला मोठा पेच. लांब पल्ल्याला ती लागतेच, नाहीतर दुसऱ्या दिवशी दुकानात गल्ल्यावर बसता येत नाही. पण ती घालून पारोळ्याच्या हॉटेलात पोहे मागायला जायचं कसं? शेठ सुरुवातीला तिच्यावर धोतर नेसून आले. चेनमध्ये सोगा अडकला, आणि एरंडोलच्या अलीकडे शेठ, सायकल व धोतर असे तिघं वेगवेगळे सोडवावे लागले. त्या दिवसापासून चड्डीची लाज गेली ती गेलीच.

पारोळा हे आमचं भेटीचं ठिकाण. जळगाव ते धुळे हे अंतर शंभर किलोमीटरला थोडं कमी पडतं. महिन्यातून एकदा दोन्ही टोळ्यांनी अध्येमध्ये भेटायचं असं ठरलं, तेव्हा बरोबर मधोमध कुठे हे शोधलं गेलं. ती जागा एरंडोल आणि पारोळ्याच्या मधे कपाशीच्या शेतात निघाली. तिथे चहा नव्हता. म्हणून पारोळा. यात जळगावकरांना जास्त चालवावं लागतं, त्याची भरपाई म्हणून नाश्त्याचे पैसे धुळेकरांनी द्यायचे असा करार आहे. धुळेकर तो इमानाने पाळतात, आणि पैसे देताना दरवेळी भुईकोट किल्ल्याकडे पाहून म्हणतात, “लुटायला आलेत, दार लावून घ्या.”

आणि तो शंभराचा आकडा! मोबाइलवर अंतर मोजणारं स्ट्राव्हा आलं आणि आमच्यातल्या भल्याभल्यांची मती गेली. धुळ्यात पोचल्यावर आकडा नव्वदच्या घरात अडकलेला असतो. शंभर भरल्याशिवाय चित्राला शोभा नाही. १८१८ नंतर कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळ्याची नवी पेठ वसवली, रस्ते सरळ आखले. गल्ल्यांना आजही नंबर आहेत. या आखीव गल्ल्यांचा एवढा उपयोग ब्रिग्जलाही सुचला नसेल. वकील आणि बँकवाला गल्ली नंबर ४ मधून जाऊन ५ मधून परत, पुन्हा ४ मधून, असे आकडा पुरा होईपर्यंत फिरतात. ओट्यावर दात घासणाऱ्या एका आजोबांनी चौथ्या फेरीला विचारलंच, “कोनं घर धुंडी राहिनात?”

ब्रिग्जची ही माहिती गुरुजींची. संस्थेचं ज्ञानखातं त्यांच्याकडे आहे आणि ते पंक्चरवर चालतं. आमच्या रस्त्यांना पंक्चरची कमी नाही. कच्च्या कडेला सराटे, महामार्गाच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या केसासारख्या बारीक तारा. तार बोटाला लागत नाही, नखाने निघत नाही, चिमटाच लागतो. ती तशीच राहिली तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत बसते. हे काम चालू असतं तेवढा वेळ गुरुजींचं व्याख्यान. फैजपूरला पंक्चर झालं, तर १९३६ सालचं काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन आणि अध्यक्षपदी नेहरू. लळिंगच्या चढाला झालं, तर डॉ. आंबेडकर १९३७ मध्ये मुक्कामाला राहिले तो लांडोर बंगला. धरणगावला झालं, तर भिल्ल पलटण उभारणारा जेम्स औट्रम, आणि चाळीसगावहून कन्नडला चढणाऱ्या घाटाला त्याचं नाव कसं मिळालं. धुळे तुरुंगाच्या बाजूने गेलो, तर पंक्चर नसतानाही थांबावं लागतं. १९३२ मध्ये विनोबांनी तिथे गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, हे सांगितल्याशिवाय ते पुढे सरकत नाहीत. एकदा मॅडमनी चाकाचं काम पटकन उरकलं, तेव्हा गुरुजी हिरमुसून म्हणाले, “अजून सोनगीरच्या तांब्या-पितळेची भांडी राहिली होती.” मॅडमनी मुकाट्याने चाकातली हवा सोडली आणि पुन्हा भरायला घेतली.

मॅडमविषयी थोडं. त्या आल्या तेव्हा टोळीत बाई नव्हती आणि आमचे विनोद तसलेच होते. त्यांनी उपदेश केला नाही. विद्यापीठाच्या टेकडीवर, बांभोरीचा गिरणेचा पूल ओलांडला की लागणाऱ्या चढावर, त्या एकेकाला मागे टाकत गेल्या आणि वर पोचून प्रत्येकाची वेळ मोठ्याने वाचून दाखवली. विनोदांची जात आपोआप बदलली. आता चार बायका नियमित येतात. रस्त्यावर त्यांना जे ऐकावं लागतं ते आम्हाला लागत नाही, ही गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. त्यावर संस्थेने केलेला उपाय साधा आहे. कुणी काही बोललं की मामा सायकल थांबवतात, बोलणाऱ्याजवळ जातात आणि अतिशय नम्रपणे सुरतच्या गाडीची वेळ विचारतात. उत्तर मिळेपर्यंत हलत नाहीत. पस्तीस वर्षं स्टेअरिंग धरलेला साडेपाच फुटी माणूस जवळ येऊन उभा राहिला की बोलणाऱ्याला वेळ आठवते.

आता वाऱ्याबद्दल. तापीच्या खोऱ्यात उन्हाळ्यापासून पश्चिमेचा वारा असा सुटतो की धुळे जिल्ह्यात साक्रीकडे ब्राह्मणवेलला पवनचक्क्यांचं अख्खं रान उभं आहे. सायकलवर जळगावहून धुळ्याकडे निघालं की तो सरळ तोंडावर येतो. अशा वेळी एकामागे एक ओळ धरायची असते. पुढचा वारा फोडतो, मागच्यांना बरंच हलकं जातं. थोड्या वेळाने पुढचा बाजूला होऊन शेपटाला जातो, दुसरा पुढे येतो. सायकलच्या खेळात मैत्री म्हणतात ती एवढीच, पण ती फार खरी आहे, कारण खोटं लगेच दिसतं. शेठ कधीच पुढे येत नसत. आपली पाळी आली की बुटाचा बंद सुटायचा, बाटली पडायची, फोन यायचा. भुसावळ जंक्शन शेजारी असल्यामुळे नाव अर्थातच ‘गार्डाचा डबा’. शेठही म्हणायचे, मागून कुणी चोरी करू नये म्हणून मी लक्ष ठेवतो.

एकदा धुळ्याची मंडळी जळगावला मुक्कामी आली होती. परतताना आम्ही त्यांना पारोळ्यापर्यंत सोडायला निघालो. एरंडोल मागे पडलं आणि जनावरांचे डॉक्टर पांढरेफटक झाले. पोट बिघडलं होतं, अंगात त्राण नाही, वारा समोरून. टेम्पो मागवू म्हटलं तर ऐकेनात. शेठ काही न बोलता पुढे गेले, डॉक्टरांना आपल्या मागच्या चाकाला चिकटून राहायला सांगितलं आणि पारोळ्यापर्यंत एकदाही बाजूला झाले नाहीत. कुणी पाळी मागितली तर हाताने मागे सारायचे. पारोळ्याला पोचल्यावर शेठचे पाय थरथरत होते. कुणी कौतुक केलं नाही. चहा आला तेव्हा मामा एवढंच बोलले, “आज इंजिन उलट्या टोकाला लावलं होतं वाटतं.” शेठ पुढच्या रविवारी पुन्हा शेवटी.

खाण्याचं लिहायला बसलो तर अंक पुरायचा नाही. उशिरा येणाऱ्याने सगळ्यांचे पोहे द्यायचे हा एकमेव लेखी नियम, तोही हॉटेलच्या बिलामागे लिहिलेला. हिवाळ्यात यावल-फैजपूर-सावदा-रावेर या केळीच्या पट्ट्यात फेरी असते. शेतकरी पैसे घेत नाही, वर एक फणी हॅण्डलला अडकवून देतो. पुण्या-मुंबईचे सायकलवाले पाकिटातलं महागडं जेल चोखतात, आम्ही फणी लटकवून जातो आणि वाटेत माकडांना घाबरतो. बामणोदच्या वांग्याचं भरीत, कळण्याच्या पुऱ्या आणि कांद्याची पात असा बेत शेतात असला, तर त्या दिवशीच्या अंतराला काही अर्थ नसतो. परतीला हमखास टेम्पो लागतो, आणि सायकली आडव्या टाकून त्यांच्यावर आम्ही आडवे. थंडीत धुळेकरांचा तोरा विचारू नका. त्यांच्या कृषी महाविद्यालयात पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरल्याची नोंद झाली की ते कात्रणं पाठवतात. आम्ही मेपर्यंत थांबतो आणि जळगाव-भुसावळचे पंचेचाळीस अंश पाठवतो. बाहेरच्या माणसाला यात अभिमानाचं काय ते कळत नाही.

नाशिक आमच्या शेजारचं, आणि नाशिकने सायकलीचं वेड फार मनावर घेतलेलं. तिथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघात नऊ दिवसांच्या आत पुरी केली. अशा संघात ती पुरी करणारे ते पहिले भारतीय. त्यानंतर आमच्यातल्या काहींना वाटू लागलं, की आपण निदान बीआरएम तरी करावी. हा प्रकार फ्रान्सचा. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. वर्षात चारही केल्या की ‘सुपर रँडोनर’. या सगळ्यांचं मूळ म्हणजे १८९१ पासूनची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस. आता ती दर चार वर्षांनी होते, १,२०० किलोमीटर, नव्वद तास, आणि वाटेतल्या गावांतले लोक रात्री टेबलं मांडून कॉफी देतात. मुक्ताईच्या पालखीला गावोगाव चहा पाजणाऱ्या आमच्या लोकांना यात नवल वाटत नाही.

बीआरएममध्ये मला आवडलेली गोष्ट अशी, की तिच्यात पहिला नंबर नसतो. वेळेच्या आत आलेले सगळे सारखे. आमच्या संस्थेला हे धोरण मानवलं. मामांनी आपल्या जुन्या काळ्या सायकलवर, कॅरिअर-स्टॅण्ड-मडगार्डसकट, दोनशे करायचं ठरवलं. वाटेत ठरावीक ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यायचा असतो. शिक्केवाला नसेल तिथे दुकानाची किंवा एटीएमची पावती चालते. मामा वेळ संपता संपता पोचले. उशीर का, तर रस्त्यात लागलेल्या प्रत्येक एस.टी. स्टॅण्डवर ते आत शिरले होते, जुन्या सोबत्यांबरोबर चहा घेतला होता आणि प्रत्येक वाहतूक नियंत्रकाचा शिक्का कार्डावर मारून आणला होता. आयोजकांना आपला शिक्का मारायला कोरी जागा सापडेना.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली. टोळी घरात अडकली. वकिलाने गच्चीवर फेऱ्या मारून आकडा पाठवला, त्यावर शेठचं उत्तर आलं, की आमच्या गिरणीचा पट्टासुद्धा रोज याहून जास्त फिरतो. निर्बंध सैल झाले तेव्हा सायकली मिळेनाशा झाल्या, इतकी मागणी आली. गंमत पाहा, त्याच वर्षी ३ जूनला, जागतिक सायकल दिनाच्या दिवशी, अॅटलस कंपनीने साहिबाबादचा कारखाना बंद केला. आमची संख्या एकदम दुप्पट झाली आणि पुढच्या वर्षी होती तेवढीच उरली. नव्या सायकली बाल्कनीत गेल्या, त्यांवर टॉवेल वाळू लागले. त्यांतल्या काही आम्ही निम्म्या किमतीत सोडवून गरजू मुलांना दिल्या. यासाठी निधी, समिती वगैरे काही केलं नाही. शेठने फोन केले, बँकवाल्याने हिशेब ठेवला.

एक प्रसंग टाळून चालणार नाही. तरसोद ते फागणे चौपदरीकरण वर्षानुवर्षं रेंगाळलं, तेव्हा आम्ही खड्ड्यांना शिव्या घालत होतो. रस्ता रुंद आणि गुळगुळीत झाला तसा वाहनांचा वेग वाढला. पहाटेच्या अंधारात बँकवाल्यांपैकी एकाला मागून गाडीने उडवलं आणि गाडी थांबली नाही. मांडीचं हाड मोडलं, डोकं हेल्मेटमुळे वाचलं. हेल्मेट दोन तुकडे झालं होतं. पुढचे दोन महिने टोळी निघाली नाही. घरोघरी बंदी होती आणि ती योग्यच होती. आम्ही पाळीपाळीने दवाखान्यात बसायचो, हळू आवाजात बोलायचो, फळं कापून द्यायचो. एक दिवस तो डॉक्टरांसमोरच म्हणाला, “हे सगळे मला अहो-जाहो करायला लागलेत. माझं काही लपवताय का?” मामा खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “नाही रे भो. तू पडलास तिथे रस्त्याला केवढा खड्डा पडलाय, ते तुला कसं सांगावं याचा विचार चालू होता.” त्या दिवशी तो पहिल्यांदा जेवला, असं त्याच्या बायकोने नंतर सांगितलं. तिनेच बंदी उठवली, अटी घालून. उजाडल्याशिवाय महामार्गावर चढायचं नाही. तोवर आतल्या गावरस्त्यांनी जायचं. प्रत्येकाच्या सायकलला मागे दोन दिवे, अंगात चमकणारं जाकीट. या अटी वहिनींनी घातल्या म्हणून पाळल्या जातात. अध्यक्षाने घातल्या असत्या तर त्यावर चर्चा झाली असती.

तो आता पुन्हा येतो, अजून चढावर उतरून चालतो. त्याच्याबरोबर कुणीतरी एक जण रोज उतरतो आणि आपल्यालाच दम लागल्याचं नाटक करतो. हे काम आळीपाळीने आहे, आणि नाटक वाईट वठलं तर वर पोचल्यावर मॅडम मार्क देतात.

पुढच्या वर्षीचा बेत म्हणजे मुक्ताईनगरजवळ चांगदेवला, तापी-पूर्णेच्या संगमावर, दोन्ही टोळ्यांचा एक मुक्काम. धुळेकरांना फार लांब पडतं, म्हणून नाश्त्याचा करार त्या दिवशी उलटा लागू व्हावा अशी त्यांची मागणी आहे. वाटाघाटी चालू आहेत.

ज्यांना यायचं असेल त्यांनी रविवारी पहाटे यावं. जळगावकर मेहरूण तलावाकाठी जमतात, धुळेकर पारोळा चौफुलीवर. वेळ साडेपाचची आहे, आम्ही पावणेसहाला निघतो, आणि त्यानंतर येणाऱ्याने पोह्यांचे पैसे बरोबर आणावेत. पहिल्या दिवशी वीस किलोमीटरच्या वर कुणाला नेत नाही. सायकल कुठलीही चालेल, गिअर असलेच पाहिजेत असं नाही. जादा ट्यूब, पंप, मागचे दोन दिवे आणि हेल्मेट मात्र हवंच. हेल्मेट नसलेल्याला परत पाठवलं जातं, ओळख कुणाचीही सांगा.